पाट दो, भेरूजी

आईनं पाट-पाणी केलं, म्हणजे भिंतीला टेकवलेले लाकडी पाट जमिनीवर मांडले आणि प्रत्येकापुढे पाण्याचं भांडं ठेवलं, की आम्ही जेवायला बसायचो. मग अण्णा, म्हणजे माझे वडील, स्वतःच्या हातानं माझ्या पानातल्या भाताची टेकडी करायचे आणि वरणाची वाटी हळूच तिच्या माथ्यावर तिरकी करायचे. वरण आधी चहूकडे पसरायचं, मग कुठेतरी वाट सापडली की एकाच जागेवरून खाली धावायचं, आणि टेकडीच्या पायथ्याशी भात ढासळून एक बारीक चीर पडायची. "आता बघ शालू, वरण कुठे चाललंय?" खाली. "आणि चीर कुठे चाललीय?" मी वाकून बघायची. वरण उतरत होतं, पण चिरेचं तोंड शितं गिळत गिळत वर, माझ्या तुपाच्या दिशेनं सरकत होतं. "पाणी उतरतं आणि घळ चढते," अण्णा अगदी खुशीत येऊन म्हणायचे. "खाली बघून घळ कधी समजत नाही. वर बघावं लागतं." आई म्हणायची, "अहो, पोरीला जेवू द्या. तुमच्या घळीत भात गारढोण झाला." ती चिडायची, पण वरण संपलं की मुकाट्यानं दुसरं आणून द्यायची.

अण्णा शेतकी खात्यात ओव्हरसियर होते, जमिनीची धूप थांबवण्याच्या शाखेत. राज्यांची नवी वाटणी झाली तेव्हा आमचं वऱ्हाड एका बाजूला गेलं, अण्णांची नोकरी दुसऱ्या बाजूला आली, आणि आमचं बिऱ्हाड इंदूरला उतरलं. दोन खोल्या, मागे सामाईक नळ, सकाळी मिलचा भोंगा. तो वाजला की आई दचकायची, पुढे पुढे त्याच्यावरच कुकर, म्हणजे तेव्हाचं पातेलं, चढवायला लागली. तिला इंदूरच्या दोन गोष्टींचं नवल होतं. एक म्हणजे इथे माणसं सकाळी सकाळी पोह्यांवर शेव घालून वर जिलबी खातात, आणि दुसरं म्हणजे शेव कशावरही घालतात. "वरणावर घालत नाहीत एवढे उपकार," असं म्हणायची. म्हातारपणी तिला मी वरणावर शेव घालताना पकडलं, तेव्हा तिनं मला ओळख दाखवली नाही.

अण्णांच्या नोकरीचा खरा त्रास भाताचा नव्हता, पेल्यांचा होता. दौऱ्यावरून येताना ते रुमालात मातीची ढेकळं बांधून आणायचे. मग घरातले सगळे काचेचे पेले खिडकीत ओळीनं मांडले जायचे, प्रत्येकात पाणी आणि त्यात एकेक ढेकूळ. काही ढेकळं तशीच बसून राहायची. काही फुटायची, पण पाणी स्वच्छ राहायचं. आणि एखादं ढेकूळ असं निघायचं की त्याच्याभोवती आधी दुधासारखा धूर निघे, मग सगळा पेला गढूळ होई आणि दुसऱ्या दिवशीसुद्धा निवळत नसे. ते बघितलं की अण्णांचा चेहरा पडायचा. "ही माती पाण्यात बुडत नाही, पाणीच होऊन जाते," ते म्हणायचे. एकदा शेजारच्या काकू उन्हातून आल्या, घसा सुकलेला, त्यांनी खिडकीतला पेला उचलून तोंडाला लावला. आईनं आयुष्यभर ती गोष्ट अण्णांना ऐकवली.

माझी आत्या अण्णांची थोरली बहीण. तिचं लग्न आमच्या कितीतरी आधी इंदूरात झालं होतं, संस्थानच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या घरात. नवरा तरणाच गेला, मूल नव्हतं. वाटणीत तिला गावाबाहेर सांवेर रोडच्या अंगाला एक बगीचा मिळाला. जामांची झाडं, दोन कौलारू खोल्या आणि एक दगडी विहीर. जाम म्हणजे पेरू. माझ्या पुण्याच्या सुनेला हे दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं. आज तिकडे कारखाने आणि गोदामं आहेत, तेव्हा ज्वारी आणि कपाशी होती. आत्याचे जाम महूच्या छावणीपर्यंत जायचे, आणि त्यांच्यावर ती कोणाचंही मिंधं न होता जगायची. तिच्या दिरांना हे पसंत नव्हतं. त्यांनी शहरातल्या घरात कोठीशेजारची एक खोली तिच्यासाठी राखून ठेवली होती आणि दर सणाला ते तिला आठवण करून द्यायचे. "छान आहे खोली," आत्या म्हणायची. "तिथे मरायला भरपूर जागा आहे. जगायचं म्हटलं तर पाय आखडून बसावं लागेल." बगीचा होता म्हणून ती स्वतंत्र होती, आणि विहीर होती म्हणून बगीचा होता. उन्हाळ्यात जामांना विहिरीचं पाणी मिळालं नाही तर झाडं उभी वाळली असती. हे सगळ्यांना माहीत होतं, दिरांना जरा जास्तच.

आणि विहिरीच्या दिशेनं एक घळ येत होती. आत्या तिला माळवी लोकांसारखं 'खाल' म्हणायची. आत्याची मराठी आमच्यासारखी नव्हतीच. तिच्यात अर्धी हिंदी, पाव माळवी, आणि क्रियापदं तेवढी आपली. आम्ही इंदूरला आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात एका रविवारी तिच्याकडे गेलो, तर टांग्यातून उतरतानाच तिनं अण्णांना धरलं. "बाळू, खाल परत सामने आली रे. गेल्या साली कवठाच्या झाडापाशी होती. आता कवठ तिच्या पोटात आहे. तू त्या खात्यात आहेस ना? मग सीधं सांग, माझा कुआं वाचेल की नाही?" आम्ही सगळे घळीच्या काठावर गेलो. बगीच्याच्या खालच्या अंगाला जमीन एकदम तुटलेली होती, माझ्या दोन उंचीइतकी खोल, वर काळी माती, खाली फिकट पिवळी. पिवळी आतून पोखरलेली, आणि तिच्यावर काळी छज्ज्यासारखी पुढे आलेली. कवठ आडवं पडलं होतं, मुळं वर. तिथून विहिरीपर्यंत एखादी बैलगाडी जेमतेम उभी राहिली असती.

अण्णांनी घळीकडे थोडा वेळ बघितलं, खालच्या पिवळ्या मातीचं एक ढेकूळ रुमालात बांधलं आणि पाठ फिरवून उलट्या दिशेनं, विहिरीच्या वर, चढावाकडे चालायला लागले. "अरे भिया, खाल इकडे आहे, तू तिकडे कुठे जाऊन राहिलास?" आत्या ओरडली. "दुखणं तिकडे दिसतं, ताई. होतं इकडे," अण्णा म्हणाले. मी त्यांच्या मागे धावले. वर नवी पक्की सडक झाली होती. पूर्वी त्या उतारावर पडलेलं पाणी पातळ होऊन सगळीकडून यायचं, त्याच्यात जोर नसायचा. आता सडकेच्या कडेच्या चारीतून ते सगळं एका पुलियाखाली, म्हणजे मोरीवजा छोट्या पुलाखाली, जमायचं आणि तिथून एकाच धारेनं सुटायचं. पुलियाच्या खालून गुरांची वाट बगीच्याकडे येत होती, खुरांनी चांगली खोलगट झालेली, आणि धार तिच्यातूनच उतरायची. त्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी सिंदीची झाडं आणि दाट गवत होतं म्हणे. दिरांनी मागच्या साली सिंदी तोडून नेली, गवत गुरांनी संपवलं. अण्णा हे सगळं मला दाखवत चालले होते, आणि मला भाताची टेकडी दिसत होती. "उतार फार नाहीये," ते म्हणाले. "पाऊस पण फार नाही आपल्याकडे. पण पडतो तो एकदम पडतो, उघड्या जमिनीवर पडतो, आणि त्याला सडकेनं एक वाट काढून दिलीय. त्यात खाली ही विरघळणारी माती. घळीचा काय दोष?"

उपाय त्यांनी जेवताना सांगितला. घळीला हात लावायचा नाही. पुलियाच्या खाली, विहिरीच्या वर, आडवा पाट काढायचा, अगदी मंद उताराचा, आणि सगळं पाणी बगीच्याला वळसा घालून शेजारच्या चरनोईवर, म्हणजे गावाच्या गवताळ कुरणावर सोडून द्यायचं. तिथे ते पसरलं की त्याचा जोर संपतो. घळीला पाणीच मिळालं नाही तर ती चढणार कशाच्या जिवावर? मग तिच्यात दगड रचू, बाभळी लावू, गवत येईल, ती आपोआप म्हातारी होईल. "म्हणून सांगतो ताई, तुझ्या बगीच्याला पाट हवा." आत्यानं भाकरी मोडता मोडता मान वर केली. "काढ बाबा, खुशाल काढ. पण या वयात माझा पाट लावू नकोस म्हणजे झालं!" विधवेच्या दुसऱ्या लग्नाला तेव्हा पाट लावणं म्हणायचे. आईला इतका ठसका लागला की तिला पाणी द्यावं लागलं, आणि अण्णा कानापर्यंत लाल झाले. आत्या मात्र स्वतःच्या विनोदावर स्वतःच मनमुराद हसली. तिचं ते हसणं मला फार आवडायचं. तसं मोकळं हसणारी बाई आमच्या घराण्यात दुसरी झाली नाही, आणि त्यात मी पण आले.

त्याच दुपारी आणखी एक हसणं झालं, आणि सगळा घोटाळा त्याच्यातून झाला. भेरूलाल नावाचा एक माळवी शेतकरी आत्याच्या बगीच्यात वाट्यानं काम करायचा. उंच, शांत, पागोटं जरा तिरकं. आम्ही सगळे त्याला भेरूजी म्हणायचो. अण्णांना विहिरीतलं पाणी बघायचं होतं. ते त्याला म्हणाले, "भेरूजी, जरा बाल्टी बाहेर काढो." भेरूजींनी काही न बोलता बादली वर काढली. पण आत्या ओट्यावर बसून पोट धरून हसायला लागली. "काढो! अरे, काढो काय? निकालो म्हण, निकालो! एवढा साहेब झालास आणि हिंदी बोलतोस तर वाटतं वऱ्हाडातून म्हैस सुटून आली." अण्णा हसले, पण त्यांना ते लागलं. आपल्या हिंदीबद्दल ते फार हळवे होते. ऑफिसात सगळं हिंदीत चालायचं, आणि तिथेही कोणीतरी हसत असणार. त्या दिवसापासून त्यांनी 'काढणे' हे क्रियापद हिंदीतून हद्दपार केलं. तोंडाशी आलं तरी गिळायचे. गळ्याची घाटी हलायची ती मला दिसायची.

सुट्टीत मी आत्याकडेच राहिले. एका सकाळी अण्णा खात्याच्या जीपमधून आले. त्यांना उत्तरेकडे, चंबळच्या बाजूला पाठवलं होतं, जिथे गावंच्या गावं घळींनी खाल्ली आहेत. परतायला पावसाळा उजाडला असता. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. आत्या शहरात गेली होती. अण्णांनी घाईघाईनं पुलियाच्या खाली फक्कीची पांढरी रेघ ओढली, काचेच्या नळीतल्या पाण्यानं उतार तपासत तपासत, विहिरीच्या वरून पार चरनोईपर्यंत. मग भेरूजींना रेघेवर उभं केलं. मी बाजूलाच होते. अण्णांनी एक क्षण थांबून वाक्य जुळवलं, घाटी हलली, आणि ते शुद्ध हिंदीत म्हणाले, "भेरूजी, ये लकीर देख ली? यहाँ से पाट दो. पूरा पाट दो, बारिश से पहले. खाल को पानी नहीं मिलना चाहिए."

"पाट दाँ, साब?" भेरूजींनी विचारलं.

"हाँ हाँ, पाट दो. अच्छा पक्का."

"कई फिकर मत करो, साब."

जीप गेली. मला काही वाटलं नाही. वाटायचं कारण काय? घरी मराठी, बाहेर हिंदी, डोक्यात दोन्ही आपापल्या फडताळात ठेवलेल्या. मराठीत पाट म्हणजे पाणी न्यायला खणलेला चर. हिंदीत आणि माळवीत खड्डा पाटणं म्हणजे तो भरून टाकणं. एकच शब्द, एकाचा अर्थ खणा, दुसऱ्याचा अर्थ बुजवा. अण्णांनी खणायला सांगितलं आणि भेरूजींनी बुजवायला घेतलं.

आणि काय जीव तोडून घेतलं! भेरूजी, त्यांची बायको, भाऊ, एक बैलगाडी. रेघेपासून माती उचलायची आणि खाली नेऊन घळीत टाकायची. साहेबांनीच सांगितलं होतं ना, इथून पाट दो. रेघेखालचं उरलंसुरलं गवतही त्या मातीबरोबर गेलं. आत्या शहरातून आली तेव्हा तिला वाटलं, बाळूनं सांगून ठेवलंय, मग ठीकच असणार. आणि खड्डा पडला तर तो भरायचा, याच्यात न समजण्यासारखं काय आहे? जेवताना आडव्या पाटाचं बोलणं झालं होतं, ते ती विसरली नव्हती. "ते मागाहून करेल तो," म्हणाली. महिनाभरानं घळीचं तोंड सपाट झालं होतं. वरून पाणी मारून, बैल फिरवून दाबलेलं. त्या नव्या जमिनीवर आम्ही दाल-बाफले केले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे बाफले तुपात बुडवून आत्या वाढत होती आणि दर घासाला पायानं जमीन थोपटून म्हणत होती, "बघ, इथे माझी सौत होती. गेली कशी!" आई पण आली होती. ती एवढंच म्हणाली, "ह्यांनी तर घळीला हात लावायचा नाही म्हटलं होतं ना?" पण बाफला गरम होता आणि तो विषय तिथेच राहिला.

अण्णा परतले तेव्हा पावसाच्या पाच-सहा सरी होऊन गेल्या होत्या. मी आणि आई आत्याकडेच होतो, म्हणून ते स्टँडवरून सरळ बगीच्यात आले. आकाश भरून आलं होतं. आत्यानं चहासुद्धा विचारला नाही, हाताला धरून त्यांना खाली नेलं. भेरूजी आधीच तिथे उभे होते, धुतलेलं पागोटं घालून. "पूरो पाट दियो, साब. देखो तो सई." अण्णा बघत राहिले. नवी जमीन मधोमध खचली होती, आणि खालच्या कडेला एक भोक पडलं होतं, त्याच्यातून पिवळं पाणी झिरपत होतं. मग त्यांनी वर, चढावाकडे बघितलं. उघडी, खरवडलेली जमीन. "भेरूजी," ते अगदी हळू म्हणाले, "पाट कहाँ है?"

"पाट तो यो रियो, साब." भेरूजींनी पायाखाली बोट दाखवलं.

"ये नहीं. पाट. पानी का पाट."

दोघं एकमेकांकडे बघत होते, आणि दोघं तोच शब्द म्हणत होते. पहिल्यांदा आत्याच्या लक्षात आलं. तिनं तोंडावर हात ठेवला. "अरे देवा. बाळू, तू त्याला 'पाट दो' म्हणालास?"

अण्णांनी उत्तर द्यायच्या आत पाऊस सुरू झाला, आणि असा की समोरची विहीर दिसेना. थोड्याच वेळात पुलियाखालून ती धार आली. लाल-काळी, गुरांच्या वाटेनं, नेमकी विहिरीच्या बाजूनं, आणि भरलेल्या मातीवर जाऊन आदळली. ती मैत्रिणीसारखी तिला घेऊनच गेली. एक आवाज झाला, पोत्यातून धान्य सांडावं तसा, आणि आम्ही ज्याच्यावर बसून बाफले खाल्ले होते ती जमीन बसली. मग जुनी कड तुटली. मग तिच्या वरची. एक जाम मुळांसकट हळूच वाकला आणि दिसेनासा झाला. विहिरीच्या ओट्याच्या खालचे दगड उघडे पडले. आत्या काही बोलत नव्हती. मी तिला कधी गप्प बघितलं नव्हतं, आणि मला घळीपेक्षा त्याचीच भीती वाटली.

"म्हारी गलती वइ गी, साब," भेरूजी पावसात हात जोडून उभे राहिले. आता त्या खात्यातली माणसं मी पुढे पुष्कळ बघितली. मजुरानं चुकीचं ऐकलं, असं म्हणणं किती सोपं होतं. अण्णांनी त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले. "नहीं भेरूजी. आपने जो सुना वही किया. गलती मेरे मुँह की है. फावडा लाओ." आणि ते वर धावले. वर गेल्यावर आम्हाला पहिली बरी गोष्ट दिसली. भेरूजींनी माती रेघेवरूनच उचलली होती, त्यामुळे रेघेच्या जागी पार चरनोईच्या जवळपर्यंत एक लांबट खोलगट पट्टा आयताच तयार होता. तोडायचे होते ते मधले दोन-तीन उंचवटे आणि शेवटचा तुकडा. भेरूजींचं सगळं घर आलं. आईनं पदर खोचला. मी तगारी, म्हणजे मातीचं घमेलं, उचलत होते, चिखल पायाला धरत होता, काळी माती इंदूरची, एकदा धरली की चप्पल ठेवून घेते.

पाट तर झाला, पण पाणी त्याच्यात वळेना. धार आपल्या सवयीच्या वाटेनं सरळ खाली जात होती. आडवा मातीचा बांध घातला, वाहून गेला. गवताच्या ढपल्या लावल्या, त्या गेल्या. अण्णा गुडघाभर पाण्यात दोन्ही हात पसरून उभे होते, जसं काही ते पाण्याला मिठी मारून थांबवणार होते. तेवढ्यात आत्या घरातून आली. तिच्या काखेत, डोक्यावर, हातात, जेवायचे सगळे लाकडी पाट होते, पितळी फुल्यांचे, सासरहून मिळालेले, लग्नाच्या पंगतीतले. तिनं ते धारेच्या काठावर धाडकन टाकले. "घे. हे पण पाटच आहेत." अण्णांनी एक पाट उभा करून चिखलात रोवला, भेरूजींनी मागून दगड लावला. दुसरा, तिसरा, एकाला एक चिकटवून, मागे माती, पायानं दाबत. भेरूजींच्या चेहऱ्यावर त्या वेळी एकदम काहीतरी उमटलं. ते आडव्या खोलगट पट्ट्याकडे बघत म्हणाले, "तो यो थो आपको पाट!" आणि मग, कुदळ न थांबवता, "साब, आप काडो के देता तो म्हूं समझी जातो. म्हाके यां भी काडो ज के हे."

म्हणजे माळवीतही काढणं म्हणजे काढणंच. म्हणूनच तर त्या दिवशी बादली निमूट वर आली होती. अण्णांनी आत्याकडे बघितलं. आत्यानं अण्णांकडे. "मी हसले नसते तर..." ती म्हणाली. "हसलीस ते बरं केलंस," अण्णा म्हणाले, "आता तो दगड दे." धार पाटांवर येऊन थडकली, फुगली, क्षणभर वरून सांडेल असं वाटलं, आणि मग ती हळूहळू, नाखुशीनं, डावीकडे वळली. आम्ही तिच्याबरोबर काठाकाठानं धावलो. ती विहिरीच्या वरून गेली, जामांच्या वरून गेली, चरनोईवर पोचली आणि गवतात पातळ होऊन पसरली. इतकी पातळ, की त्याच पाण्यानं कड्याएवढी माती तोडली होती हे खरं वाटेना. मला रडू आलं. आई पण रडत होती, पण पावसात ते कोणाला दिसायचं नाही म्हणून निवांत रडत होती.

पाऊस थांबल्यावर बघितलं, तर चार जाम गेले होते आणि विहिरीच्या ओट्याचा एक कोपरा हवेत लटकत होता. बाकी विहीर जागेवर होती. अण्णा लटकत्या कोपऱ्याशी उकिडवे बसले, चिखलानं माखलेले, आणि म्हणाले, "ताई, माझी हिंमत होत नाही. तू आमच्याकडे चल. दिरांकडे नको, आमच्याकडे." आत्या वाकून विहिरीत डोकावली. "आहे ना ती? मग मी पण आहे," ती म्हणाली. "आणि तुझ्याकडे येऊन काय करू? तुझ्या घरी पेल्यात माती पिऊ?" ती हसली, आणि मला एकदम भूक लागली. त्या दिवशी आम्ही भुईवर बसून जेवलो, कारण बसायचे पाट बाहेर कामावर होते. भेरूजींचं घरही आमच्याच पंगतीला होतं. अण्णांनी भाताची टेकडी केली नाही.

पुढे घळीत दगडांची रांग आली, बाभळी आल्या, गवत आलं, आणि ती खरोखरच म्हातारी झाली. आत्या तिच्या शेवटापर्यंत त्याच दोन खोल्यांत राहिली, आणि जाम महूला जात राहिले. दिरांची खोली त्यांनी शेवटी स्वतःच वापरली. अण्णा निवृत्त होईपर्यंत हिंदीत बिनधास्त 'काढो' म्हणत राहिले, कोणी हसलं तर म्हणायचे, "हसा, पण खणा."

मागच्या भाद्रपदात नातवाला म्हटलं, मला तिकडे घेऊन चल. बगीचा केव्हाच नाही. एका बाजूला गोदामं, दुसऱ्या बाजूला वसाहत, मधून एक अरुंद आडवी गल्ली. पाटी लावली आहे, 'पाटवाली गली'. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला मी विचारलं, हे नाव कसं पडलं? तो म्हणाला, "माताजी, पहले यहाँ बड़ी खाल थी. किसी सरकारी साहब ने पटवा दी. तभी से पाटवाली गली." मी त्याला खरं सांगायला तोंड उघडलं, आणि मग मिटलं. अण्णांनी खणला, भेरूजींनी बुजवला. नाव दोघांचं आहे, राहू दे दोघांचं. सकाळीच पाऊस होऊन गेला होता, आणि गल्लीतून पाणी अजूनही सरळ खाली न जाता आडवं, डावीकडे वाहत होतं. त्याला कोणी नवी हिंदी शिकवली नव्हती. गल्लीच्या खालच्या अंगाला एका छोट्या देवळाच्या आवारात विहीर आहे, तोंडावर लोखंडी जाळी. एक कोपरा वेगळ्या दगडांनी बांधलेला. नातू म्हणाला, आजी, वाकू नकोस. मी वाकले. पाणी होतं.